साडेपाच गुंठ्यांचा ठिपका

रायभानभाऊंनी टेबलाखाली चपला काढल्या की ओळखायचं, आता हा माणूस फाईल लिहायला बसला. एरवी दिवसभर त्या पायातच असत. चहाला जाताना, साहेबांच्या केबिनमध्ये, नकाशे छापायच्या खोलीत, सगळीकडे. पण उपग्रहाचं चित्र उघडून ते कायमच्या फाईलमध्ये उतरवायची वेळ आली, की चपला टेबलाच्या पायाशी जोडीनं ठेवल्या जात आणि अनवाणी पाय फरशीवर टेकत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी खवचटपणे विचारलं होतं, "भाऊ, देव्हारा आहे का हा?"

"देव्हारा नाय ताई, खळं हाय," ते म्हणाले. "खळ्यावर कुनी चपला घालून जातं का?"

आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झालेली. जमिनीशी आमचा संबंध गॅलरीतल्या कुंड्यांपुरता. धान्य मळतात त्या खळ्यावर चपला घालत नाहीत हे मला कॉम्प्युटरची पदवी घेतल्यानंतर, तेही औरंगपुऱ्यातल्या एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर बसून कळलं.

आमचं ऑफिस त्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. उपग्रहांनी काढलेल्या चित्रांवरून आम्ही नकाशे करायचो. कुठल्या तलावात पाणी किती, कुठं कापूस, कुठं मका, असले. जुनी चित्रं टेपांवर होती आणि टेपा एका लोखंडी कपाटात बुरशी धरत पडल्या होत्या. त्या वाचून एकेक चित्र नव्या तऱ्हेच्या फाईलमध्ये लिहायचं, हे रायभानभाऊंचं काम. या फाईलमध्ये नुसतं चित्र नसतं. ते कुठलं, कधीचं, त्यातला कुठला रंग कशाचा, कुठली जागा मोजायची राहून गेली, हे सगळं चित्राबरोबर एकाच ठिकाणी राहतं. पन्नास वर्षांनी कोणी अनोळखी माणसानं उघडलं तरी त्याला काही विचारावं लागू नये. अशा फाईली लिहिण्यासाठी तयार आज्ञांचा एक संच मिळतो, आणि प्रोग्रॅम लिहिणारे लोक त्याला लायब्ररी म्हणतात.

या एका शब्दानं भाऊंच्या गावात, सोयगावात, मोठी गंमत करून ठेवली होती. कधीतरी त्यांनी कोणाला तरी सांगितलं असणार, की मी लायब्ररी वापरून काम करतो. तेव्हापासून गावभर झालं, सांडू अण्णाचा रायभान संभाजीनगरला लायब्ररीत हाय. भाऊंनी ते कधी दुरुस्त केलं नाही. एका दुपारी गावाकडचे एक गृहस्थ कॉलेजातल्या मुलीला घेऊन जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, "लायब्ररी हीच का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर भाऊ उठून उभे राहिले होते.

"हीच. या, बसा."

मुलीला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हवी होती. भाऊंनी दोघांसाठी चहा सांगितला, "आतून आनतो" म्हणाले आणि मागच्या जिन्यानं खाली गेले. वीस मिनिटांनी घामाघूम होऊन परत आले ते जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली दोन जाडजूड पुस्तकं घेऊन. "पंधरा दिसांनी परत आनायची बरं का पोरी. दुसऱ्यालाबी लागत्यात."

मला तेव्हा राग आला होता. एवढं खोटं कशाला? पण ती मुलगी पंधराव्या दिवशी पुस्तकं वर्तमानपत्राची कव्हरं घालून घेऊन आली. पुढं भाऊंच्या टेबलाच्या खालच्या खणात सात-आठ पुस्तकं जमली आणि ते जागेवर नसले, की ती द्यायचं-घ्यायचं काम माझ्याकडे आलं. अशी मी लायब्ररीत लागले.

भाऊ तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्नचे असतील. छावणीत एक खोली घेऊन एकटेच राहायचे, बायको आणि आई गावाकडे. अंगानं किडकिडीत, शर्ट नेहमी पांढरा, खिशाला पेन्सिल. पेन कधीच नाही. "पेनानं लिवलेलं खोडता येत नाय," असं कारण सांगायचे, आणि फाईलमध्ये जे लिहायचे ते मात्र कधी खोडायला लागू नये म्हणून चार-चारदा तपासायचे. त्यांच्या मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता, त्यावर तीनच शब्द. खुंटी, ढांग, बांध. चित्र लिहिताना लायब्ररीला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: सुरुवात कुठून, एका पावलात किती पुढं जायचं, आणि थांबायचं कुठं. पुस्तकातले शब्द त्यांना पाठ होते, पण पटत नव्हते. चौथा शब्द कागदावर नव्हता, तो तोंडी होता. लिहून झाल्यावर फाईल रीतसर बंद करावी लागते, नाहीतर आतलं सगळं वाया जाण्याचा धोका. त्याला ते कडी म्हणायचे. संध्याकाळी मी पर्स उचलली, की खुर्चीतूनच विचारायचे, "कडी लावली का ताई?" स्वतःच्या फाईलची कडी मात्र त्यांनी कधी दुसऱ्याला लावू दिली नाही.

माझी पहिली मोठी चूक त्यांनीच पकडली. मी लिहिलेलं एक चित्र त्यांनी पडद्यावर उघडलं, मान एका खांद्यावर कलती केली आणि बराच वेळ बघत राहिले.

"ताई, अजिंठ्याचा डोंगर कदी उठला?"

"म्हणजे?"

"जलम झाला तवापासून आडवा निजलेला बघतोय मी त्याला. पूर्वेकडून पश्चिमेकडं. तुमी हुभा केला."

मी ओळी आणि रकाने उलटे दिले होते. लायब्ररी मुकाट्यानं घेते, ती कशाला बोलेल. भाऊ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "आदी तास, मंग रोप," एवढंच म्हणाले. आधी ओळ सांगायची, मग ओळीतली जागा. आज मला दहा वर्षं झाली या कामात, तरी तो आकडा टाकताना मी मनात तेच म्हणते.

दुपारी तीनच्या सुमाराला ऑफिसला एक गुंगी यायची. खालून साड्यांच्या दुकानातला रेडिओ, वर पंख्याची घरघर, आणि खिडकीला लावलेल्या हिरव्या कापडातून येणारा उजेड. त्या वेळी भाऊ म्हणायचे, "चला, सोयगावला जाऊन येतो." आणि जागचे हलायचे नाहीत. त्यांच्या भागाचं चित्र उघडायचं, पेन्सिलीचं टोक पडद्यापासून बोटभर लांब धरायचं आणि निघायचं. बसस्टँडपासून नदीच्या कडेनं, मग नाल्याच्या वळणावरून आत. डोळे अर्धे मिटलेले. चालायला जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ ते घ्यायचे. मध्ये कधी पेन्सिल थांबे. मी विचारलं तर म्हणत, "बैलगाडी आडवी आली." हे थट्टेनं म्हणायचे की खरंच त्यांना दिसायची, मला कधी कळलं नाही. अर्ध्या तासानं "पोचलो" म्हणायचे आणि चहा मागवायचे. त्या "पोचलो"नंतर त्यांचा चेहरा इतका निवांत असायचा, की मला त्यांचा हेवा वाटायचा. मला अर्ध्या तासात पोचावं असं गाव नव्हतं.

त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साडेपाच गुंठे. हा हिशोब त्यांनी पहिल्याच दिवशी करून ठेवला होता. आम्ही सगळे ठिपक्यांना ठिपके म्हणायचो, ते म्हणायचे, "या साडेपाच गुंठ्यात काय तरी घोळ हाय बगा."

आणि त्यांचा खरा शब्द म्हणजे पडीक. चित्रातल्या काही जागी मोजमाप नसतंच. टेप खराब झालेली असते किंवा उपग्रहाकडूनच काही आलेलं नसतं. पुष्कळ लोक तिथं शून्य लिहून मोकळे होतात. भाऊ अशा जागेला पडीक म्हणायचे आणि तिच्यासाठी वेगळा आकडा राखून ठेवायचे; पडद्यावर ती काळी दिसे. साहेबांशी त्यांचं यावरूनच वाजायचं. एकदा मोठे अधिकारी चित्रं बघायला येणार होते. साहेब येऊन म्हणाले, "रायभान, ये काले पट्टे अच्छे नहीं दिखते यार. आजूबाजूचे रंग घेऊन भरून टाक ना. कोण बघतंय?"

"नाय जमनार सायेब."

"का नाही जमणार? एक आज्ञा द्यायची, संपलं."

"म्हूनच नाय. शून्य म्हंजी मोजलं आन् काय नाय निगालं. पडीक म्हंजी मोजलंच नाय. रिकामं भांडं आन् झाकलेलं भांडं येक नसतं." साहेबांनी कपाळाला हात लावला. अधिकारी आले, काळ्या पट्ट्यांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही आणि समोसे खाऊन गेले.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसले, ते.

भाऊंच्या वडिलांनी सोयगावला नाल्याकाठी चार एकरांची आमराई लावली होती. आईनं डोक्यावरून घागरी नेऊन ती जगवली. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, आमराई चुलत्यांच्या वाट्याला गेली आणि त्यांनी दोन दिवसांत तोडून तिथं कापूस लावला. भाऊ तेव्हा शहरात होते. आमराईचा एकही फोटो घरात नव्हता. झाडांचा फोटो कोण काढतं? लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मांडवाच्या मागं दोन फांद्या आल्या होत्या तेवढ्याच.

पुढं आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि ती काही केल्या ऑपरेशनला तयार होईना. "आता बगायचं काय राह्यलंय," म्हणायची. तेव्हा भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "माय, तू डोळं नीट करून घे. मंग मी तुला आमराई दावतो. हाय तशी, वरून." म्हातारी एका क्षणात तयार झाली. भाऊंनी दुसऱ्या दिवशी मला हे सांगितलं तेव्हा ते भेदरलेले होते. कारण चित्र सापडलेलं नव्हतं.

मग महिनाभर तो माणूस कपाटात डोकं घालून होता. आमराई ओळखू यायला उन्हाळ्यातलंच चित्र पाहिजे. तेव्हा शिवार सगळं वाळलेलं असतं आणि झाडं तेवढी उठून दिसतात. पावसाळ्यातल्या चित्रांवर ढग. हिवाळ्यातल्या चित्रांत शेजारचं पीक आणि आमराई एकमेकांत मिसळलेली. एक उन्हाळी चित्र सापडलं, त्यात आमराई आधीच गेलेली होती. ते बघून भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. शेवटी अगदी खालच्या खणात एक टेप निघाली, चिठ्ठीवर मे महिना आणि वर्ष तोडणीच्या आदलं. आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं.

भाऊंनी चपला काढल्या. मी माझी खुर्ची ओढून शेजारी बसले. चित्र वरून खाली, एकेक ओळ करत उमटायला लागलं. ही चित्रं खऱ्या रंगांत नसतात, त्यांत हिरवं ते तांबडं दिसतं. वाळलेलं राखाडी शिवार येत होतं, मधूनच विहिरीच्या कडेला एखादा तांबडा ठिपका. गाव आलं, नाल्याचं वळण आलं. नाल्याकाठी एक तांबडी कड दिसायला लागली, बोटाच्या नखाएवढी. आणि तिथंच टेप अडकली. पुढच्या दहा ओळी वाचता आल्या नाहीत. मग पुन्हा सुरळीत, खालचं सगळं शिवार स्वच्छ.

आमराईचे तीसेक ठिपके असायला हवे होते. चार दिसत होते, बाकी त्या काळ्या पट्ट्यात.

आम्ही ती टेप तीनदा पुसून, वाळवून लावली. त्याच दहा ओळी. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, वरचे चार ठिपके आहेत ना तांबडे? त्यांच्यावरून भरून देते मी. आमराई तिथं होती हे तर तुम्हाला माहीत आहे. हे काही खोटं नाही."

माझ्या आग्रहाखातर त्यांनी ती आज्ञा लिहिलीसुद्धा. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. सबंध दुपार ते त्या ओळीकडे बघत बसले. खालचा रेडिओ बंद झाला, दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग एकेक अक्षर मागून पुढं खोडत गेले.

"तिथं काय व्हतं ते मला म्हाईत हाय ताई. पन चित्राला म्हाईत नाय. मी भरलं तर ती माजी झाडं. बापाची नाय."

मी त्यांच्यावर चिडले. अगदी मनापासून चिडले. एका म्हातारीला दिलेल्या शब्दापेक्षा दहा ओळी मोठ्या का, असं मी तोंडावर बोलले आणि घरी निघून आले. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. पण तेव्हा मला त्या नियमाचाच संताप आला होता.

आठ दिवसांनी भाऊ आईला घेऊन आले. नऊवारी लुगडं, हातात काठी, डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा. दोन मजले चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती, पण बसायला तयार नाही. "कुटं हाय?" म्हणाली. भाऊंनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि चष्मा अलगद काढला. स्वतः मागं उभे राहिले. त्यांचे हात खुर्चीच्या पाठीवर होते.

म्हातारी पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हे तांबडं काय रं? जळलं का समदं?"

"नाय माय. तांबडं म्हंजी हिरवं. ह्या फोटूत तसंच दिसतं."

"व्हय का." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "आन् ह्यो नाला?"

"व्हय, आपलाच."

तिचं बोट नाल्यावरून हळूहळू पुढं सरकत गेलं. भाऊंची पेन्सिल जायची त्याच वाटेनं, त्याच चालीनं. मला एकदम कळलं, की हे चालणं भाऊ कोणाकडून शिकले. बोट चार तांबड्या ठिपक्यांवर आलं आणि मग त्या काळ्या पट्ट्यावर येऊन थांबलं. भाऊ खाली वाकले. "माय," ते म्हणाले, "तुला दावतो म्हनलो व्हतो, पन तिथं काय दिसत नाय. तेवढं…"

"दिसंल कसं?" म्हातारी म्हणाली. "सावली केवढी दाट हाय."

तिचं बोट त्या काळ्यावरच होतं.

"मे म्हैन्यात दुपारचंबी आत ऊन येत नव्हतं. तुजा बाप तिथं निजला की हाक मारून हुडकावा लागायचा." मग ती त्या काळ्यावर एकेक बोट टेकवायला लागली. "हा शेंदऱ्या. हा खोबऱ्या. त्याच्या अंगाला शेप्या. ही गोटी, हिला लई उशिरा पाड लागायचा. आन् ह्यो, ह्याला नावच न्हवतं, तू पडला व्हतास ह्याच्यावरून." तिला त्या दहा ओळींत सगळं दिसत होतं. मी खिडकीकडे गेले, कारण मला रडू आवरत नव्हतं. मागं भाऊ खिशातली पेन्सिल काढून कशावर तरी भराभर लिहून घेत होते.

त्यानंतर महिन्याभरात त्यांची नोकरीची मुदत संपली. ऑफिसनं मुदत वाढवून द्यायची तयारी दाखवली होती, पण आईजवळ राहायचं म्हणून ते गावी निघाले. शेवटच्या दिवशी खणातली पुस्तकं त्यांनी माझ्या खणात हलवली, मॉनिटरवरचा कागद तसाच ठेवला. जेवणाच्या सुट्टीआधी बराच वेळ अनवाणी बसून काहीतरी लिहीत होते. मग उठले, चपला घातल्या, पिशवी उचलली.

"ताई, मे म्हैन्याची ती फाईल उगडी हाय. कडी तुमी लावा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मी?"

"व्हय. एकदा नजर टाका आन् चुकलं असंल तर खोडा. तुमचा निर्नय." आणि जिन्याकडे गेलेसुद्धा. निरोपाचं काही बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. चित्र होतं तसं होतं. दहा ओळींत त्यांनी पडीकचाच आकडा लिहिला होता, एका ठिपक्यालाही हात लावलेला नव्हता. पण चित्राची माहिती लिहितात त्या जागी, जिथं ते फक्त मोजलेलं तेवढंच लिहू द्यायचे, तिथं मराठीत एक नोंद होती. "नाल्याकाठच्या दहा ओळी पडीक. टेप वाचता आली नाही. आईच्या म्हणण्याप्रमाणे तिथं सावली आहे." आणि त्याखाली ओळीनं झाडांची नावं, प्रत्येकासमोर त्याची जागा, कितव्या ओळीत आणि ओळीत कुठं. शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, गोटी. शेवटचं बिननावाचं, त्यापुढं लिहिलं होतं, "रायभान पडला ते."

एक अक्षरही न खोडता मी कडी लावली आणि खिडकीशी धावले. हिरवं कापड बाजूला केलं. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर झाडाचं नाव नाही. भाऊ समोरच्या बाजूला रिक्षाची वाट बघत उभे होते, पिशवी पायाशी ठेवून, विजेच्या खांबाच्या वीतभर सावलीत अंग चोरून. मी हाक मारली, पण गर्दीत त्यांना ऐकू गेली नाही. रिक्षा आली तसे ते खाली वाकले, पिशवी उचलली आणि बसायच्या आधी क्षणभर थांबून, खांबाजवळच्या त्या सावलीकडे वळून बघितलं.